गाडीतला शेवटचा आवाज

ड्रायव्हरचं नाक वाकडं होतं, आणि ते वाकडं होण्यात त्याचा स्वतःचा काडीचाही दोष नव्हता. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. तो डिकीत वाकून बॅगा काढत होता आणि बाईसाहेबांनी घाईघाईत वरून झाकण आदळलं. रक्ताची धार लागली, बर्फ लावला, साहेबांनी थोडी सुट्टी दिली आणि हाड जसं बसायचं तसं बसलं. बाईसाहेब ते विसरूनही गेल्या. मारणारा विसरतो आणि ज्याला लागतं त्याला आठवतं, ही जगाची रीतच आहे. पण ड्रायव्हरनेही ती गोष्ट कधी मनात धरली नाही. डावी नाकपुडी तेवढी कायमची आक्रसली आणि श्वास घेताना तिच्यातून एक बारीक शीळ यायला लागली.

ही शीळ जगात एकाच माणसाच्या ओळखीची होती, त्याच्या बायकोच्या. साखरेच्या आजाराने तिची नजर हळूहळू गेली होती. उजेड आणि अंधार यापलीकडे तिला काही कळत नसे. बंगल्याच्या मागे, गॅरेजला लागून, त्यांना एक खोली दिलेली होती. तिथल्या पायऱ्या, नळ, गॅसची कळ, कपडे वाळत घालायची तार, सगळं तिच्या हातापायांना पाठ होतं. त्या खोलीत आणि मागच्या अंगणात ती डोळस बाईसारखी वावरायची, वर ड्रायव्हरलाच दटावायची, "तांब्या जागेवर ठेवा, तुम्हाला दिसतं म्हणून काय कुठेही ठेवाल?" फाटकाबाहेर मात्र पाऊल टाकायचं म्हटलं तरी तिचे पाय लटलट कापत. म्हणून ड्रायव्हरचं देवाकडे एकच मागणं असे. नोकरी टिकू दे, म्हणजे खोली टिकेल. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

नोकरीवर गंडांतर आलं ते गाडीच्या आवाजापायी. गाडी जुनी पण दणकट, आणि साहेबांचा तिच्यावर जीव. बाईसाहेबांना अर्धशिशी. दर आठवड्याला लेकीकडे दुसऱ्या शहरात जायचं म्हणजे हायवेभर टायरांची घरघर, दारांच्या फटींतून वाऱ्याचा घोंगाट आणि खालून उडणाऱ्या खड्यांची ताडताड. डोळ्यांवर काळी पट्टी बांधून त्या मागे बसत आणि उतरेपर्यंत त्यांचं अर्धं डोकं फुटायला आलेलं असे. एकदा निघताना लेक म्हणाली, "आई, विकून टाका हे धूड. नवी घ्या, नव्या गाड्या शांत असतात. ड्रायव्हरसुद्धा मी देते, आमच्या ओळखीतला आहे."

डिकीत बॅगा ठेवताना हे ड्रायव्हरच्या कानावर पडलं. दोन दिवस त्याने विचार केला आणि तिसऱ्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "बाईसाहेब, गाडी विकू नका. आवाजाचा बंदोबस्त मी करतो. माझ्या माहितीत एक माणूस आहे." माणूस आपल्या पायावर धोंडा मारून घेतो तेव्हा तो धोंडा त्याने मोठ्या हौसेने स्वतःच शोधून आणलेला असतो.

तो माणूस म्हणजे अस्तरवाला. शहराबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं काम चाले. गाड्यांना आतून अस्तर लावायचं आणि आवाज मारायचा, एवढंच तो करी, आणि हाताखालच्या तिघा कारागिरांना दिवसभर हसवत ठेवी. त्याच्या हसवण्याला दात होते, आणि ते नेहमी समोरच्या गिऱ्हाइकाला चावत. त्याने गाडीच्या दारावर टिचकी मारली. टण्ण. "डबा आहे हा मामा, डबा. यात माणसं बसतात की चिल्लर ठेवता?"

मग त्यांनी गाडी सोलून काढली. सीटा बाहेर, गालिचा बाहेर, दारांची आतली आवरणं बाहेर, नुसता पत्रा उरला. त्या पत्र्यावर डांबराच्या काळ्या शीट गरम करून चिकटवल्या आणि लोखंडी रूळ फिरवून फिरवून बसवल्या. चाकांच्या वरच्या कमानींना रबराचा जाड लेप दिला. गालिच्याखाली नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, थर आला, दारांना नवं रबर आलं. रबर नीट दाबून बसतं की नाही ते पाहायला अस्तरवाला दारात कागदाची पट्टी धरी, दार लावी आणि पट्टी ओढी. सहज निघाली तर शिवी, फाटली तर शाबासकी. ड्रायव्हर रोज तिथे जाऊन बसे आणि पट्ट्या फाटताना बघून सुखावे. आता टिचकी मारली की दार ठप्प असा आवाज देई आणि गप्प होई.

"एक गोष्ट लक्षात ठेवा," गाडी ताब्यात देताना अस्तरवाला म्हणाला. "मोठा आवाज मेला की त्याची पोरंबाळं बाहेर येतात. आधी ती बापाच्या आड लपलेली असतात. तेव्हा परत याल, घाबरू नका."

पहिल्या फेरीला बाईसाहेबांनी हायवेवर डोळ्यांची पट्टी काढली आणि चकित होऊन म्हणाल्या, "अहो, ऐकलंत का? काहीच ऐकू येत नाहीये!"

"मग ऐकू काय, डोंबल?" साहेब म्हणाले आणि खो खो हसले. साहेब दिलदार गडी होते. त्यांनी पुढे वाकून ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली. "जिंकलास रे! गाडी वाचवलीस माझी." बाईसाहेबसुद्धा म्हणाल्या, "छान काम करून घेतलंत तुम्ही." त्या सगळ्या नोकरांना तुम्ही म्हणत. अहो-जाहो केलं की माणूस आपोआप लांब राहतो, असा त्यांचा अनुभव होता.

त्या दिवशी ड्रायव्हर तरंगत घरी आला. बायकोला म्हणाला, "आता दहा वर्षं तरी कुणी आपल्याला हलवत नाही."

पुढच्या खेपेपासून पोरंबाळं बाहेर आली. आधी राखेच्या डबीचं झाकण किरकिरलं. त्याखाली ड्रायव्हरने नमद्याचा तुकडा लावला. मग सीटच्या रिकाम्या पट्ट्याचं बक्कल दाराजवळच्या खांबावर टकटकलं, त्याला त्याने कापड गुंडाळलं. मग पुढच्या कप्प्यातला चष्मा खुळखुळला. एकेक आवाज तो ढेकूण मारावा तसा मारत गेला. शांततेचं व्यसन वाईट. जितकी मिळते तितकी कमी पडते. ज्या बाईने कालपर्यंत टायरांचा गडगडाट सोसला होता, तिला आता पेनाच्या टोपणाचा आवाज सोसेना. आणि एके दिवशी त्या पट्टीआडून म्हणाल्या, "कुठेतरी शीळ वाजतेय. बारीक. येते, थांबते, पुन्हा येते. मला वेड लागेल हिच्यामुळे."

"वारा असेल," ड्रायव्हर म्हणाला. "कुठेतरी फट राहिली असेल. उद्याच दाखवतो." बायकोने शीळ वाजतेय म्हटलं असतं तर त्याला क्षणात उमगलं असतं. गाडीत मात्र आवाज करतात ते गाडीचे भाग, माणसं नव्हेत, अशी त्याची पक्की समजूत होती.

वाऱ्याची फट शोधायची अस्तरवाल्याची एक पद्धत होती. सगळ्या फटींवर बाहेरून कागदी टेप मारायचा. दारं, काचा, आरसे, बॉनेट, काही सोडायचं नाही. मग हायवेवर जायचं. शीळ बंद झालेली असते. मग एकेक टेप काढत जायचं. ज्या टेपबरोबर शीळ परत येते, ती फट चोर. त्याने गाडी टेपने अशी गुंडाळली की दवाखान्यातून आणल्यासारखी दिसावी. खिडकीतूनच ड्रायव्हरला आत सारलं, स्वतः दोघा कारागिरांसह आत शिरला, काचा वर केल्या, तिसऱ्याकडून त्यांवर बाहेरून टेप मारून घेतला आणि रबराची नळी कानाला लावून मागच्या सीटवर आडवा पडला.

"चालवा मामा."

गाडी हायवेला लागली. शीळ वाजत होती.

"अजब आहे," अस्तरवाला म्हणाला. "बाजूला घ्या. इंजिन बंद करा."

इंजिन बंद झालं. रस्ता नाही, वारा नाही. गाडीत शुकशुकाट झाला, आणि त्या शुकशुकाटात शीळ निवांत चालू राहिली. अस्तरवाला उठून बसला. नळीचं टोक त्याने दारावरून छताकडे नेलं, छतावरून पुढच्या सीटकडे, आणि ते ड्रायव्हरच्या गालापाशी येऊन थांबलं.

"मामा, जरा श्वास रोखा."

ड्रायव्हरने रोखला. शीळ थांबली.

"सोडा."

शीळ वाजली. मग अस्तरवाल्याने दातांनी टेपचा तुकडा तोडला आणि ड्रायव्हरच्या डाव्या नाकपुडीवर नीट दाबून चिकटवला. "सापडली रे फट!" कारागीर एकमेकांच्या अंगावर कोसळून हसले. ड्रायव्हरही हसला. गरिबाला आपल्यावरच्या विनोदात सामील व्हावंच लागतं, नाही झाला तर विनोद लांबतो. शेडमध्ये परतल्यावर तिसऱ्यासाठी तो सगळा प्रकार पुन्हा करून दाखवला गेला आणि त्या दिवसापासून तिथे त्याचं नाव शिट्टी पडलं.

"बाईसाहेबांना काही सांगू नका," ड्रायव्हर हात जोडून म्हणाला.

"छे छे, मी कशाला सांगतो?" अस्तरवाला म्हणाला, आणि ड्रायव्हर फाटकाबाहेर पडायच्या आत त्याने फोन लावला. इतका चांगला विनोद एकट्याने पचवणं त्याला शक्यच नव्हतं. "बाईसाहेब, अभिनंदन! गाडीत आता एकच आवाज उरलाय. तो नाकातून येतो. त्याला माझ्याकडे अस्तर नाही."

पुढच्या खेपेला मागच्या सीटवर तंटा झाला. पूर्वी मागचं बोलणं पुढे ऐकू येत नसे. आता शब्द न् शब्द ड्रायव्हरच्या मांडीवर येऊन पडत होता. शांत गाडीची ही बाजू कुणी त्याला सांगितली नव्हती.

"अगं, माणूस आहे तो. श्वास घेणारच," साहेब म्हणत होते.

"घेऊ दे ना. आवाज न करता घेऊ दे. मी घेते, तुम्ही घेता."

"ते नाक वाकडं कुणी केलं? डिकी कुणी आदळली होती त्याच्यावर?"

"मुद्दाम आदळली होती का मी? आणि इतकी वर्षं झाली, अजून दुरुस्त करून घेऊ नये माणसाने?" मग त्या पुढे वळून म्हणाल्या, "ड्रायव्हर, ऐकताय ना तुम्ही? बरं झालं. मला दोनदा सांगावं लागणार नाही."

नाकाच्या डॉक्टरकडे ड्रायव्हर जाऊन आला. ऑपरेशन करता येईल, पण महिनाभर गाडी चालवायची नाही, असं डॉक्टर म्हणाला. महिनाभर म्हणजे लेकीच्या ओळखीतल्या ड्रायव्हरला आयतं आवतण. त्याने ऑपरेशनचा नाद सोडला आणि कापसाचा पुडा विकत घेतला. डाव्या नाकपुडीत बोळा कोंबायचा आणि तोंडाने श्वास घ्यायचा. पहिल्या दिवशी बाईसाहेब म्हणाल्या, "आता धापा टाकतायत." मग त्याने ओठ किंचित उघडे ठेवून, जिभेवरून हळूहळू हवा आत घ्यायची सवय केली. चाळिशी उलटून किती वर्षं झालेली, आणि हा बाप्या तान्ह्या पोरासारखा श्वास घ्यायला शिकत होता.

घरीही तो बोळा काढेना. सवय मोडली की गाडीत घात होईल, ही धास्ती. तो खोलीत येऊन उभा राही आणि बायकोला पत्ता नसे. एकदा तिचा हात अचानक त्याच्या छातीला लागला आणि ती किंचाळली. हातातलं गरम पाणी तिच्याच पायावर सांडलं.

"तुमची शीळ कुठे गेली हो?" पायाला मलम लावून घेताना तिने विचारलं.

"डॉक्टरने औषध दिलंय."

"मग ते औषध घरात तरी घेत जाऊ नका. मला आंधळीला तेवढंच दिसत होतं."

खोली राहावी म्हणूनच चाललं होतं सगळं, पण हे तिला सांगायचं तर नोकरी धोक्यात आहे हेही सांगावं लागलं असतं. ती काळजीने खंगली असती. बोळा नाकातच राहिला.

महिनाभर गाडीत स्मशानशांतता होती. मग एके दिवशी शीळ परत आली. बाईसाहेबांनी नुसती जीभ टाळ्याला लावून चक् केलं. ड्रायव्हरने बोट लावून पाहिलं, बोळा जागेवर होता. त्याला वाटलं, आज आपण शंभर टक्के निर्दोष आहोत. निर्दोष माणसाला कंठ फुटतो, तसा त्याला फुटला. "बाईसाहेब, हा आवाज माझा नाही. आरशापाशी रबर सुटलं असेल."

"बघूया," बाईसाहेब म्हणाल्या. "घ्या गाडी शेडकडे."

शेडवर अस्तरवाला स्वतः गाडी चालवायला बसला. बाईसाहेब मागे, ड्रायव्हर त्याच्या शेजारी. शीळ वाजली. हायवेच्या कडेला गाडी थांबवून अस्तरवाला म्हणाला, "मामा, उतरा. एक फेरी तुमच्याशिवाय मारून येतो." ड्रायव्हर उतरला. भर उन्हात, जाणाऱ्या ट्रकांची धूळ खात, तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. किती वेळ उभा होता देव जाणे, पण त्याला तो जन्मभर वाटला. गाडी परत आली. मागची काच बोटभर खाली झाली.

"शांत आहे," बाईसाहेब म्हणाल्या.

बोळा आत आकसला होता आणि कडेने हवा जात होती, एवढीच गोष्ट होती. बाईसाहेब आवाज चढवून कधीच बोलत नसत, तेव्हाही बोलल्या नाहीत. "चूक होते माणसाची. पण तुम्ही दुसऱ्यावर ढकललीत. हा आवाज माझा नाही, हे वाक्य तुमच्या तोंडून पुन्हा ऐकलं, तर त्याच दिवशी खोली रिकामी करायची. आणि गाडीत आपणहून बोलायचं नाही. विचारलं तरच." ड्रायव्हर हो म्हणाला आणि बाईसाहेबांनी काच वर केली. नवं रबर फार छान बसलं होतं. काच बंद झाली की बाहेरचा माणूस पूर्ण बाहेर राही.

त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही. बोळे दिवसातून तीनदा बदलू लागला. साहेब मात्र उतरताना हळूच म्हणत, "मनाला लावून घेऊ नकोस रे. मी आहे तोवर तुला कोण काढतंय?" या एका वाक्यावर त्याने पुढचे महिने काढले.

ती शेवटची खेप लेकीकडून परतायची होती. दुपारचं जेवण झालं होतं. गाडीत बसता बसता साहेब म्हणाले, "छातीत जरा जळजळतंय गं."

"जास्त जेवलात," बाईसाहेब म्हणाल्या. त्यांचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. त्यांनी पट्टी बांधली आणि मान मागे टाकली. साहेबांनी नेहमीसारखं खिडकीच्या काचेला डोकं टेकलं. ड्रायव्हरने गाडी काढली.

निम्मा रस्ता सरला आणि आवाज सुरू झाला. बारीक, ओलसर, ओढून आणल्यासारखा. येई, थांबे, पुन्हा येई.

"ड्रायव्हर," बाईसाहेब पट्टीआडून म्हणाल्या. एवढंच.

ड्रायव्हरने झटकन डाव्या नाकपुडीवर अंगठा दाबला. आवाज चालूच. त्याने उजवीही दाबली, ओठ मिटले आणि श्वास रोखून धरला. आवाज चालूच. छाती फुटायला आली तेव्हा त्याने श्वास सोडला आणि आरशात पाहिलं. साहेबांचं डोकं काचेला टेकलेलं होतं, तोंड थोडं उघडं होतं. झोपलेत, त्याने स्वतःला सांगितलं. घोरतायत. पण इतकी वर्षं साहेब त्याच्या मागे झोपत आले होते, त्यांचं घोरणं त्याला ठाऊक होतं. हे घोरणं नव्हतं. कपाळावर घाम होता, आणि गाडीत तर चांगला गारवा होता.

"ड्रायव्हर, मी काय म्हणते?"

पुढे हायवेच्या उताराच्या तोंडाशी एक हॉस्पिटल होतं. साहेबांच्या तपासण्या तिथेच होत, फाटकावरचा रखवालदारही गाडी ओळखून सलाम करी. ते फाटक समोर दिसायला लागलं आणि ड्रायव्हरचा पाय आपोआप उचलला गेला. गाडी मंदावली.

"का हळू केलीत?" बाईसाहेबांनी पट्टी काढली नाही.

बोलायला आता परवानगी होती, त्यांनी विचारलं होतं. सांगायचं वाक्यही जिभेवर तयार होतं. बाईसाहेब, हा आवाज माझा नाही. पण तेच ते वाक्य होतं. एकदा असाच तो शंभर टक्के निर्दोष होता आणि त्याला उन्हात उतरवून ठेवलं होतं. समजा साहेब नुसते घोरतच असले तर? बाईसाहेबांना ते पटलंच नाही तर? कुठल्यातरी परक्या चाळीच्या जिन्यात भिंत चाचपडत उभी असलेली बायको त्याला दिसली. हात भिंतीवर, पाय हवेत, पायरी सापडत नाही.

"काही नाही बाईसाहेब. पुढे ट्रक होता."

पुढे ट्रक नव्हता. त्याने पाय दाबला. रखवालदाराचा हात सलामाला वर झाला आणि फाटक मागे गेलं.

आवाज आणखी थोडा वेळ आला. मग लांब अंतराने आला. मग थांबला.

"हं," बाईसाहेब समाधानाने म्हणाल्या. "आता कसं बरं वाटतंय. जमतं की नाही? मनावर घेतलं की सगळं जमतं."

उरलेला सगळा रस्ता ड्रायव्हर कान मागे लावून चालवत होता. तो आवाज पुन्हा यावा म्हणून त्याने देवाला विनवलं. एकदा फक्त येऊ दे, मग मी सांगतो, मग खोली गेली तरी चालेल, असं तो मनातल्या मनात म्हणत राहिला. आता म्हणायला काय जातं? पण अस्तरवाल्याचं काम चोख होतं. गाडीत काहीही ऐकू येत नव्हतं.

बंगल्याच्या पोर्चमध्ये त्याने उतरून मागचं दार उघडलं, तसे साहेब कलंडून त्याच्या अंगावर आले.

डॉक्टर येऊन गेला. थोडं आधी कुठे दाखवलं असतं तर कदाचित, असं म्हणून त्याने पुढचं वाक्य गिळलं. लेक आली, नातेवाईक आले. दिवाणखान्यात माणसं दबक्या आवाजात बोलत होती आणि बाईसाहेब खुर्चीत ताठ बसून प्रत्येकाला तेच सांगत होत्या. "इतक्या शांतपणे गेले. मी शेजारी होते, पण मलाही कळलं नाही. हूं की चूं नाही."

ड्रायव्हर पाण्याचे ग्लास घेऊन आला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. लेकीनेही कधी नव्हे ते मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही पुढे होतात," बाईसाहेब म्हणाल्या. "तुम्हाला काही ऐकू आलं होतं का?"

सगळे त्याच्याकडे पाहत होते. त्याच्या हातातला ट्रे हलला आणि ग्लास एकमेकांवर किणकिणले. बाईसाहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्याने ट्रे छातीशी धरून किणकिण थांबवली.

"नाही बाईसाहेब," तो म्हणाला. "काहीच नाही."

"तेच म्हणते मी." त्यांनी डोळे मिटले. त्यांचा जीव भांड्यात पडल्याचं साऱ्यांना दिसलं. मग त्या लेकीला म्हणाल्या, "यांना काढायचं नाही हं. वेळेला एक शब्द न बोलता गाडी चालवणारा माणूस आजकाल मिळत नाही. खोली त्यांच्याकडेच राहू दे. दोघं जगतील तोवर."

ड्रायव्हर मागच्या अंगणातून खोलीकडे गेला. बायको दारात उभी होती. बंगल्यातली रडारड ऐकून तिने गॅस पेटवला नव्हता. साहेबांसाठी ती खरोखर रडली होती, डोळे सुजले होते.

"खोली आपल्याकडेच राहणार आहे," तो म्हणाला. "जिवंत असेपर्यंत. बाईसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं."

तिने चाचपडत त्याचा हात धरला आणि कपाळाला लावला. "हे साहेबांचंच काम," ती म्हणाली. "गाडीत त्यांनी बाईसाहेबांना सांगितलं असणार. जाता जाता आपलं बघून गेले. हो ना हो?"

"हो," ड्रायव्हर म्हणाला.

"काय म्हणाले? तुम्ही ऐकलं असेल ना. सगळं ऐकू येतं म्हणता त्या गाडीत."

ती उत्तराची वाट बघत होती. ड्रायव्हर तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि साहेब जे कधीच बोलले नव्हते ते तिला एकेक करून सांगू लागला.